तुझ्याकडे नेट नाही, आई

४ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर.

माझं अक्षर बघून तुला धसका बसला असेल. सगळं ठीक आहे. गुडघा सोडून, आणि गुडघा तर तुझ्या खात्यातला. पत्र लिहायचं कारण असं की रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आमचे राजे बोलता बोलता थिजले. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. तू मागून कप घेऊन चालली होतीस, तीही अर्धी दाराआड तशीच थिजलीस. मी बराच वेळ त्या चित्राशी बोलत बसले. मधेच उत्तर देत नव्हता, उलटून बोलत नव्हता. एवढं निमूट त्यानं माझं लहानपणीही कधी ऐकलं नाही.

थिजण्याआधी जेवढं ऐकू आलं ते असं: "आई, यायचं खूप मनात आहे गं, पण तुझ्याकडे नेट नाही. माझं सगळं काम घरून. दिवसभर मीटिंगा. तिथे येऊन बसून काय करू?"

तुम्ही दोघं येऊन गेलात त्याला वर्ष उलटलं. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. नोकरीचा उभा जन्म मी बसस्थानकातल्या काचेच्या खोलीत माइकसमोर काढला. "तांत्रिक कारणामुळे गाडी उशिरा सुटेल" हे वाक्य मी झोपेतसुद्धा सुरात म्हणते. तांत्रिक कारण म्हणजे कधी पंक्चर, कधी ड्रायव्हरचं बायकोशी भांडण. प्रवासी पुढे विचारायचे नाहीत. 'तांत्रिक' म्हटलं की माणूस गप्प बसतो.

मी मात्र बसणार नाही, कारण हे कारण दुरुस्त होण्यासारखं दिसतंय. त्याला नेमकं किती नेट लागतं ते सांग. त्याला विचारलं तर "तुला नाही कळायचं" म्हणेल. आकडा दे. आकडा मला कळतो.

तुझी,
आई


१५ जानेवारी

आई,

नमस्कार. लेटरबॉक्समध्ये जाहिरातींच्या खाली तुमचं पत्र सापडलं. धसका बसलाच. मग जिन्यातच उभी राहून हसले, आणि दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे पुन्हा वाचलं.

आधी गुडघा. खुर्चीत बसायचं, पाय सरळ उचलायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली. सकाळ-संध्याकाळ. "करते हं" म्हणायचं नाही, करायचं. मी रोज तीस जणांना हे सांगते आणि तीसही जण "करते हं" म्हणतात.

नेटची चौकशी केली. कमीत कमी पन्नास लागतं. फोनवर वेग मोजायचं ॲप मिळतं, त्यात स्कूटरसारखा काटा असतो, तो पन्नासच्या पुढे जायला हवा. पण आई, तुमच्यासारख्या जुन्या इमारतींत तेवढं मिळणं जवळजवळ अशक्यच असतं म्हणतात. तेव्हा जिवाला लावून घेऊ नका. आमचं जमेल तेव्हा जमेल.

तो बरा आहे. खूप काम आहे. सकाळी खोलीचं दार लावून घेतो ते संध्याकाळीच उघडतो.

तुमची,
सून


२ फेब्रुवारी

सूनबाई,

काटा तीनवर. संध्याकाळी दीडवर. एकदा फोन खिडकीबाहेर धरला तर चारवर गेला, पण राजांना खिडकीबाहेर बसवून काम करायला लावणं मला बरं दिसेना.

कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं कनेक्शन शंभरचंच आहे. पण तुमच्या इमारतीत तांब्याची जुनी तार आहे, आणि सगळ्या मजल्यांना मिळून ती एकच. जिन्यातून फायबर घालावं लागेल. त्याला तुमच्या समितीची परवानगी लागेल."

म्हणजे बादली शंभरची आणि नळ तीनचा.

मग मी दारोदार फिरले. काय सांगू तुला! सगळ्या घरांत हेच रडगाणं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्याच्याच नशिबी आहे. वरचे म्हणतात खालचे नेट चोरतात, खालचे म्हणतात वरचे चोरतात, आणि मधल्या मजल्यावरचे दोघांवरही डोळा ठेवून आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तर चोर घुसू नये म्हणून पासवर्ड इतका अवघड ठेवला की आता तो त्यांनाच आठवत नाही. दुसऱ्या मजल्यावरची भाषांतर करणारी बाई जिन्याच्या वळणावर स्टूल टाकून बसते, कारण तिथे सहा मिळतं. मला वाटायचं, नवऱ्याशी पटत नसेल.

सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि रविवारी तळमजल्यावर बैठक बोलावली. सगळे "हो" म्हणाले. अध्यक्ष सोडून. आमचे अध्यक्ष म्हणजे ते पहिल्या मजल्यावरचे, सरकारी मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीत खुंट्या ठोकल्या, पण इमारतीच्या भिंतीला एक भोक म्हटलं की यांच्या पोटात गोळा.

"परवानगीवर माझी सही लागते," म्हणाले. "ती मी करणार नाही."

"कारण?" मी विचारलं.

"तांत्रिक," ते म्हणाले, आणि खिशात हात घालून उठून गेले.

सूनबाई, माझं वाक्य कुणी माझ्याच तोंडावर मारेल असं वाटलं नव्हतं. पण मी सोडणार नाही. राजांना सांग, बॅग काढून ठेव.

आई

ता. क. गुडघा करते हं.


१३ फेब्रुवारी

आई,

तुमचं पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. स्टुलाचं ऐकून हसला, पुष्कळ दिवसांनी. मग म्हणाला, "आईला सांग, नुसतं येणारं नेट चालत नाही, जाणारंही तेवढंच लागतं." म्हणजे डाउनलोड आणि अपलोड. दोन्हीकडे पन्नास. तुमच्याकडे नवी तार आली तरी ते होईलच असं नाही. आणि अध्यक्षांचं वय झालंय, त्यांच्याशी कशाला वाकडं घेता? शेजार आयुष्यभराचा.

इकडे ठीक. मंगळवारी मी आले तर त्यानं स्वयंपाकघरात नवी फळी ठोकलेली, नळ गळत होता तो बंद केलेला, आणि ब्रेड भाजून ठेवलेला. चांगला फुगला होता. तुम्हाला खायला घालायला हवा.

पाय उचलताय ना?

सून


३ मार्च

सूनबाई,

राजांकडून फळ्या ठोकून घेतेस, शाब्बास! मला वीस वर्षांत जमलं नाही. पण दिवसभर दार बंद असतं ना गं त्याचं? मग ब्रेड कधी फुगतो? साहेब पडद्यावर बोलत असेल आणि हा टेबलाखाली पीठ मळत असेल, असं चित्र डोळ्यांसमोर येऊन मी एकटीच हसले. या हल्लीच्या नोकऱ्या म्हणजे गंमतच आहे.

आता ऐक. अध्यक्षांकडे गेले. भांडायलाच गेले होते. काय बोलायचं ते घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, अगदी माइकच्या आवाजात.

त्यांनी दार उघडलं. उजवा हात खिशात. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात, त्यामुळे कॉलर एका कानाशी आलेली. आत भांड्यांचा ढीग. मी म्हटलं, बायको गेल्यापासून आळशी झाला बुवा. "चहा घ्याल ना?" म्हणाले आणि माझं "नको" ऐकण्याआधीच आत गेले.

बराच वेळ लागला. मग आतून टकटक, टकटक आवाज यायला लागला. मला वाटलं रस्त्यावरून जड गाडी चालली असेल. गाडी नव्हती. ते ट्रे घेऊन येत होते आणि दोन्ही कप बश्यांवर नाचत होते. अर्धा चहा बशीत. त्यांनी ट्रे ठेवला, उजवा हात डाव्या हातानं धरला आणि मांडीवर दाबून बसले.

आम्ही दोघंही कपांकडे बघत राहिलो.

"मुलगी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते," ते म्हणाले. "फार लांब असते. सारखी विचारते, बाबा, चित्र का हलतंय? मी म्हणतो, नेट."

मी बशीतला कप सरळ केला.

"तिला कळलं तर तिथलं सगळं सोडून येईल, नाहीतर मला तिकडे उचलून नेईल. मला दोन्ही नको. तुमचं ते शंभरचं नेट आलं, बाई, की माझा हात तिला लख्ख दिसेल. अध्यक्ष म्हणून सही करायची म्हणता. हात असा. सही कसली करू?"

पाठ केलेलं भाषण घशातच राहिलं. मी चहा बशीतूनच प्यायले. त्यांच्या भांड्यांचा ढीग घासला, ते "अहो, राहू द्या" म्हणत राहिले. वर येऊन सह्यांचा कागद कपाटात टाकला.

तू या विषयातली जाणकार आहेस म्हणून विचारते. या हाताला काही उपाय असतो का? डॉक्टरकडे ते एकदाच गेले होते, मग गेलेच नाहीत.

आणि राजांना सांग, नेट होत नाही. म्हातारी हरली. त्याला हायसं वाटेल असं का वाटतंय मला, कोण जाणे.

आई


११ मार्च

आई,

अध्यक्षांना ताबडतोब डॉक्टरकडे न्या. गोळ्या असतात, व्यायाम असतात. आमच्याकडे असे कितीतरी लोक येतात, शर्टाची बटणं स्वतः लावायला लागतात, सहीसुद्धा करायला लागतात. पूर्ण बरं होत नाही, पण वेळेत आलं तर पुष्कळ सावरतं. सोबत कागदावर हाताचे पाच व्यायाम चित्रं काढून पाठवलेत. चित्रं वाईट आहेत, व्यायाम चांगले आहेत.

आणि त्यांना सांगा की मुलीला सांगून टाका. माझं नाव घेऊन सांगा. आई, लपवणाऱ्याला वाटतं की आपण दुसऱ्याला त्रासातून वाचवतोय. तसं नसतं. सगळी शक्ती लपवण्यातच जाते, बरं व्हायला उरतच नाही. त्याच्या जवळ जो असतो त्याला रोज तेच खोटं आणखी एकदा इस्त्री करून घालावं लागतं. हसऱ्या तोंडानं. मी बघते हे. पेशंटांच्या घरी.

हे लांबलं. दवाखान्यातून लिहितेय, बाहेर माणसं बसलीत.

सून


८ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र अध्यक्षांना वाचून दाखवलं. "इस्त्री करून" पर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी वाचताना माझ्याच मनात काहीतरी खुट्ट झालं, पण ते पुढे.

संध्याकाळी मुलीचा कॉल आला तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. घसा खाकरला, दोनदा पाणी प्यायले, आणि हात खिशातून काढून सरळ फोनच्या समोर धरला. "हे नेट नव्हे," म्हणाले. "हा मी आहे."

मुलगी गप्प. मला वाटलं, चित्र थिजलं. मग ती म्हणाली, "बाबा, मला केव्हाचं माहीत आहे. तुमचा हात हलतो तेव्हा तुमच्या मागचं कपाट कसं हलत नाही? नेट काय फक्त तुमच्या हाताचं जातं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते."

दोघंही रडले, आणि मधे मी उगीच बसलेली, मुदत संपलेल्या पाससारखी. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. गोळ्या सुरू आहेत, तुझे व्यायामही. तिसऱ्या चित्रातला हात कुणाचा आहे ते आम्हाला कळलेलं नाही, पण करतो. मुलगी पुढच्या महिन्यात येतेय, पण तोवर कॉलवरही ती नीट दिसावी म्हणून अध्यक्षांनी स्वतः परवानगीचा कागद मागवला. सही करायला पाऊण तास लागला. सही कसली, डोंगररांग आहे. पण कंपनीनं ती चालवून घेतली.

तारवाले आले, दोन दिवस ड्रिल घरघरलं, आणि गेल्या मंगळवारी माझ्या फोनवरचा काटा शंभरवर. यायचं शंभर, जायचंही शंभर. जिन्यातलं स्टूल घरात गेलं. इमारतीतले लोक मला नमस्कार करतात. काहींना तर माझा मजलाही पाठ झालाय.

बुधवारी सकाळी अकराला, न कळवता, मी राजांना कॉल लावला. आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून.

सूनबाई, चित्र इतकं लख्ख होतं की त्याच्या भुवईतला पांढरा केसही दिसला. दाढी वाढलेली. कॉलर नाही, तो जुना विटका टी-शर्ट. टेबलावर त्याचे ते दोन मोठे पडदे असायचे ना कामाचे, ते नाहीत. त्यांच्या जागी पिठाचा डबा. मी म्हटलं, "राजे, बघा, शंभर! आता कधी येताय?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आई, चित्र अडकलंय. ऐकू येत नाही. नेट गेलं वाटतं."

त्याच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्यानं छान हलत होता.

मी म्हटलं, "हो का? बरं." आणि फोन ठेवला.

नेट कुठेही गेलेलं नाही. मग काय गेलंय?

आई


१६ एप्रिल

आई,

त्याची नोकरी गेली. नोव्हेंबरात.

त्याचा सगळा विभागच कंपनीनं बंद केला. सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं, व्हिडिओवरच, चाळीस जणांना एकदम. नेट उत्तम होतं, एक शब्दही सुटला नाही. पुढच्या आठवड्यात माणूस येऊन ते दोन पडदे घेऊन गेला. नोकरी गेली त्याच दिवशी यानं मला शपथ घातली, आईला कळता कामा नये. "नवी मिळाली की एकदम सांगू." मला वाटलं, महिन्याभराची गोष्ट आहे.

अजून तो रोज सकाळी खोलीत जातो आणि दार लावतो. आधी अर्ज करायचा. आता नुसता बसतो. माझी यायची वेळ झाली की बाहेर येतो, आणि मी दमून येते तसा तोही दमल्यासारखा येतो. दुपारी कधीतरी ब्रेड भाजतो. मी खाते आणि छान झालाय म्हणते. छान होतोही.

आणखी एक. तो पन्नासचा आकडा माझा होता. त्यानं काही सांगितलं नव्हतं. मीच दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, जुन्या इमारतीत किती मिळणं अशक्य असतं? तो म्हणाला, पन्नास. म्हणून तुम्हाला पन्नास सांगितलं. तुम्ही सह्या गोळा केल्यात, बैठका घेतल्यात, भिंती फोडल्यात आणि शंभर आणलंत. अपलोडचं तो बोलला तेव्हा मला कळलं की तोही घाबरलाय तुम्हाला.

अध्यक्षांबद्दल मी जे लिहिलं ते लिहून झाल्यावर पाकीट तीन दिवस पर्समध्ये होतं. मग टाकलं. टाकताना माहीत होतं की मी कुणाबद्दल लिहितेय.

त्याला मी तुम्हाला कळवल्याचं कळू देऊ नका. एवढं करा.

सून


२२ एप्रिल

सूनबाई,

  

मला काहीही कळलेलं नाही. तू पत्र लिहिलं नाहीस, मी वाचलं नाही. आता असं कर. त्याला सांग, आईचं नवं नेट बंद पडलंय, कंपनी दाद देत नाही, आई एकटी आहे आणि रडकुंडीला आलीय. रडकुंडीला हा शब्द नक्की वापर. आजपर्यंत माझ्याकडे नेट नाही म्हणून तो आला नाही. आता नेट नाही म्हणूनच येऊ दे.

बाकी सगळं नंतर.

आई


९ मे

सूनबाई,

शनिवारी आला. हातात छोटी बॅग, स्क्रू-ड्रायव्हर आणि तू भाजायला लावलेला ब्रेड. ब्रेड खरंच चांगला होता.

आल्या आल्या कपाटामागे शिरला. मी आदल्या दिवशी तार उपटून ठेवली होती, पण घाबरून अर्धीच उपटली होती. त्यानं ती परत खोचली. काटा शंभरवर. बराच वेळ तो तिथेच बसून राहिला, मला नुसते पाय दिसत होते.

"आई, ही तार कुणीतरी मुद्दाम काढलीय."

"मला कुठे कळतं त्यातलं?"

मग कपाटामागूनच, तोंड न दाखवता, तो म्हणाला, "आई, माझी नोकरी गेली."

मी सकाळपासून चेहरा तयार ठेवला होता. तो केला. त्यानं बाहेर डोकं काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तिनं सांगितलं ना?"

"नाही," मी म्हटलं.

"आई!"

काय करू गं? आयुष्यभर खोटं बोलले ते माइकवर. माइकला चेहरा दिसत नाही.

पण रागावला नाही. तुझ्यावरही नाही. जमिनीवरच भिंतीला टेकून बसला आणि बोलायला लागला तो तिन्हीसांजेपर्यंत. ती मीटिंग, ते चाळीस चेहरे, पडदे न्यायला आलेल्या माणसाला यानंच पेटी खाली उतरवून दिली ते. म्हणाला, "आई, मी दिवसभर त्या खोलीत काय करायचो माहीत आहे? काही नाही. भिंतीपलीकडे कुणाला ऐकू जायला नको म्हणून खुर्चीसुद्धा हलवायचो नाही." मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं हे माझ्या घरच्यांना माहीत नाही.

आधी दोन दिवस नुसता झोपला. मग उठून दाढी केली. सकाळी अध्यक्षांबरोबर फिरायला जातो. ते त्याला व्यायाम शिकवतात आणि हा त्यांना ब्रेड मळायला लावतो, मळण्यानं हात सुधारतो म्हणे. अध्यक्षांची मुलगी आली आहे, ती त्या पिठाकडे बघून हसते. दोन ठिकाणी अर्जही पाठवलेत. एका ठिकाणी कामही लहान आहे, पगारही लहान, पण बघेन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "आणि ती कशी आहे?"

"कोण?"

"तुझी बायको."

"ती? ती खंबीर आहे, आई. तिचं काही नसतं. तिच्यामुळेच तर सगळं चाललंय."

तिथे मात्र माझा ताबा सुटला. काय बोलले ते लिहीत नाही, पण दुसऱ्या मजल्यावरची भाषांतरवाली बाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आदरानं बघत होती. राजे ताटावरून उठले नाहीत, मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मी तिला विचारलंच नाही, आई. एकदाही."

रात्री मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. आणि मग जे त्याला बोलले ते सगळं माझंच मला लागलं. जानेवारीपासून तुला लिहितेय. काटा किती, नळ किती, यायचं किती, जायचं किती. तू आधी माझा गुडघा विचारलास. अध्यक्षांच्या हातासाठी चित्रं काढलीस. दिवसभर लोकांचे पाय उचलायचे, घरी येऊन नवऱ्याचा ब्रेड छान म्हणायचं आणि मग सासूला खोटा आकडा शोधून द्यायचा. मी एका ओळीतसुद्धा तुला विचारलं नाही.

म्हणून आता विचारते. त्याचं नको सांगूस, नोकरीचं नको, गुडघ्याचं नको.

तू कशी आहेस?

आई


१४ मे

आई,

दवाखान्यात पंधरा दिवसांची रजा टाकली. शनिवारच्या गाडीनं येते. पत्राआधी मीच पोचले तर दार उघडा.

बरी नाहीये. आल्यावर सांगते.

सून